गा लोक आले कुठून? अक्रा शहरातल्या एका जुन्या तंट्याचा अभ्यास

घानाची राजधानी अक्रा ज्यांच्या किनारी गावांवर पसरली, ते गा लोक. त्यांचे मूळ कुठले, या प्रश्नाला खुद्द अक्रात निदान चार उत्तरे मिळतात. पहिले, पूर्वेकडून, आजच्या नायजेरियातल्या बेनिन राज्यातून. (बेनिन नावाचा आजचा देश वेगळा. त्याने हे नाव १९७५ साली घेतले. इथे बोलणे चालले आहे ते त्याहून बऱ्याच पूर्वेच्या जुन्या राज्याबद्दल.) दुसरे, इस्राएलमधून, इजिप्तमार्गे. तिसरे, समुद्रातून. चौथे उत्तर मोठ्याने क्वचितच दिले जाते, पण पुजाऱ्यांच्या विधींत ते मुरलेले आहे: आम्ही आलो तेव्हा इथे कोणीतरी राहत होते, आणि त्यांच्यातले बरेचसे आता आम्हीच आहोत.

हा वाद विद्यापीठापुरता नाही. ज्याचा पूर्वज आधी आला, त्याच्या घराण्याकडे जमिनीचा हक्क, गादीचा मान आणि सणातला पहिला क्रम जातो. गादी म्हणजे तिथे लाकडी स्टूल. राजा स्टूलवर बसतो आणि पायउतार झाला की त्याला ‘स्टूलवरून उतरवला’ म्हणतात. राजधानीतल्या जमिनीचे भाव पाहता पूर्वजांची वाट हा फार महागडा विषय आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. ‘गा लोक कुठून आले’ हा प्रश्न एका दमात विचारला की त्याचे उत्तर खोटेच निघते. तो पेठेपेठेने विचारावा लागतो. आणि प्रत्येक पेठेची कथा प्रवासवर्णन म्हणून वाचण्याऐवजी हक्काचा दस्तऐवज म्हणून वाचली तर ती बरेच काही खरे सांगते. वतनाच्या तंट्यांचे आपल्याकडचे महजर, म्हणजे निवाडापत्रे, ज्यांनी वाचले असतील त्यांना ही भाषा ओळखीची वाटेल. ‘आमच्या मूळ पुरुषाने रान तोडून गाव वसवले’ हे वाक्य पाटीलकीसाठी असते, भूगोलासाठी नसते.

कोण कुठे

किनाऱ्याने पश्चिमेकडून पूर्वेला निघाले की गा मशी म्हणजे मूळचे अक्रा, मग ओसू, ला, तेशी, नुंग्वा आणि तेमा अशी गावे लागतात. त्यापुढे व्होल्टा नदीपर्यंत डांग्मे लोक. त्यांची भाषा गा भाषेची सख्खी बहीण. तरी एकाचे बोलणे दुसऱ्याला सहज कळत नाही. उत्तरेला अकान भाषकांची राज्ये, आधी अक्वामू, मग अक्येम, मग असांते. पश्चिमेला अवुतू आणि त्यांच्या पलीकडे फान्ती. अक्वापिमच्या डोंगरात लार्तेसारखी ग्वान गावे. व्होल्टापलीकडे एवे.

या यादीतले ग्वान लक्षात ठेवा. अवुतू आणि लार्ते त्यांच्यातलेच. गा परंपरेत ‘क्पेशी’ म्हणून ज्या आधीच्या रहिवाशांचा उल्लेख येतो, त्यांनाही अनेक अभ्यासक याच कुळातले मानतात. ला आणि तेशी यांच्यामधल्या खाऱ्या पाण्याच्या लगूनला आजही क्पेशी हेच नाव आहे. तेमाचे लोक तर आपले मूळ क्पेशींशीच जोडतात.

राइनडॉर्फची वही

पूर्वेकडून आल्याची कथा आज ज्या रूपात ऐकू येते, त्या रूपाला कार्ल क्रिश्चन राइनडॉर्फ यांचा हात लागला आहे. जन्म १८३४, मृत्यू १९१७. वडिलांकडून डॅनिश रक्त, आईकडून गा. स्वित्झर्लंडमधल्या बासेल मिशनचे धर्मगुरू, जखमा बांधणारे वैद्य, आणि हौसेने नव्हे तर जिद्दीने इतिहास जमवणारा माणूस. गोल्ड कोस्ट (वसाहतकाळातले घानाचे नाव) आणि असांते यांचा त्यांनी लिहिलेला इतिहास १८९५ साली बासेलमध्ये छापला गेला. आपण दोनशेहून अधिक स्त्री-पुरुषांकडून माहिती घेतली, असे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. स्त्रियांचा उल्लेख त्या काळी कोणी मुद्दाम केला नसता, म्हणून तो मला मोलाचा वाटतो.

जाता जाता: बासेल मिशन आपल्याला परके नाही. मंगळुरी कौले घराघरावर चढली ती याच मिशनने १८६५ साली मंगळूरला काढलेल्या कारखान्यापासून. इकडे कौले भाजली जात होती त्याच सुमारास, १८६६ साली, तिकडे गा भाषेतले बायबल छापून झाले. योहानेस झिमरमान या मिशनऱ्याने त्याआधी १८५८ मध्ये गा भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले होते. यातले बायबल पुढे उपयोगी पडेल.

राइनडॉर्फ सांगतात की गा आणि डांग्मे समुद्रातून आले असे म्हटले जाते. पूर्वेला दोन मोठ्या नद्यांच्या मधल्या, तेतेतुतू किंवा सामे नावाच्या प्रदेशातून. पुढच्या पिढ्यांनी या धूसर पूर्वेला बेनिन हे ठसठशीत नाव दिले आणि आयी कुशी नावाच्या पुढाऱ्याला मिरवणुकीच्या अग्रभागी बसवले. ला गावाची कथा नायजेरियाच्या किनाऱ्यावरच्या बॉनीशी जोडली जाते, ओसूची कथा व्होल्टाकाठच्या ओसूडोकूशी. म्हणजे ज्यांचे मूळ एकच सांगायचे, त्यांच्या कथाच एका ठिकाणाहून निघत नाहीत.

छापील पुस्तकाचा एक परिणाम विसरता येत नाही. ते शाळेत शिकवले जाते, वकिलांच्या हाती पडते, आणि पन्नास वर्षांनी एखादा वृद्ध माणूस ‘आमच्या आजोबांनी सांगितले’ म्हणून तेच वाक्य सांगतो. अशा वेळी तोंडी पुरावा आणि छापील पुरावा हे दोन साक्षीदार राहत नाहीत.

भाषेची कसोटी, आणि तिला छेद देणारे एक गाव

बेनिनचे लोक एडो भाषा बोलतात. काही शतकांपूर्वी एक अख्खा समाज तिथून निघून अक्राच्या मैदानात उतरला असेल, तर त्याच्या भाषेत एडोचे ठळक नाते दिसायला हवे. तसे ते दिसत नाही. गा आणि डांग्मे ही क्वा गटातली एक छोटी जोडी आहे. एडो आणि योरुबा बेन्वे-काँगो गटात पडतात. भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्गच्या १९६३ च्या वर्गीकरणात अकान, गा, योरुबा, एडो सगळ्या क्वा या एकाच मोठ्या पोतडीत होत्या. त्यामुळे एकेकाळी पूर्ववाद्यांना भाषाशास्त्राचा आधार असल्यासारखे वाटले असेल तर नवल नाही. नंतर ती पोतडी उसवली गेली. घाना विद्यापीठात आयुष्य घालवलेल्या मेरी एस्थर क्रॉप डाकुबू यांनी १९७२ साली गा-डांग्मे स्थलांतराच्या कथा भाषेच्या कसोटीवर तपासल्या, आणि घाऊक स्थलांतराचे चित्र तिथेच डळमळले.

इथे थांबून निकाल देण्याचा मोह होतो. पण आनेहो आडवे येते.

आनेहो आज टोगो देशात आहे. १६७७ मध्ये अक्वामूंनी गा राज्याचा पाडाव केला आणि १६८०–८१ मध्ये उरलासुरला प्रतिकारही मोडला. त्यानंतर राजघराण्यातला ओफोरी आपल्या माणसांसह पूर्वेला पळाला आणि तेव्हाच्या ‘लिटल पोपो’ भागात, आनेहो आणि ग्लिजी इथे, वसला. हे स्थलांतर युरोपीय व्यापाऱ्यांच्या कागदांतही सापडते, त्यामुळे त्याबद्दल शंका नाही. या लोकांच्या वंशजांना गेन म्हणतात. त्यांना आपले मूळ अक्राचे आहे हे पक्के माहीत आहे. ग्लिजीला दरवर्षी एप-एक्पे नावाचा उत्सव होतो, त्यात पवित्र दगड बाहेर काढतात आणि त्याच्या रंगावरून येणारे वर्ष कसे जाईल ते सांगतात. आणि हे लोक बोलतात कोणती भाषा? एवे आणि फोन यांच्या गटातली, म्हणजे ग्बे कुळातली. ती गा नव्हे.

म्हणजे स्थलांतर खरे, आठवण खरी आणि भाषा मात्र बदललेली. तेव्हा ‘भाषा जुळत नाही, म्हणून बेनिनची कथा खोटी’ असा साधा हिशेब मांडता येत नाही. पण आनेहोचा धडा दोन्ही बाजूंनी कापतो. तिथे गेले ते मोठ्या लोकसंख्येत विरघळणारे एक राजघराणे आणि त्याचे पाईक. बेनिनकडून किंवा बॉनीकडून कोणी अक्राला आलेच असेल तर तेही असेच, एखादे घराणे, एखादी देवता घेऊन आलेली टोळी. त्याला ‘गा लोक आले’ म्हणता येत नाही. गा भाषा बोलणारे बहुसंख्य तेव्हा आधीच इथे असले पाहिजेत, नाहीतर आजची भाषा आली कुठून?

सात पेठा

आता मूळ अक्रात, गा मशीत जाऊ. प्रकरणाचा गाभा इथे आहे. गा मशीच्या सात पेठा: असेरे, अबोला, ग्बेसे, ओतुब्लोहुम, सेंपे, अकानमाजी आणि अलाटा. पहिल्या चार डच किल्ल्याच्या बाजूच्या, उरलेल्या तीन इंग्रजांच्या जेम्स किल्ल्याभोवतीच्या. डचांनी क्रेव्हकर किल्ला १६४९ मध्ये बांधला, डॅनिशांनी ओसूला क्रिश्चनबोर्ग १६६१ मध्ये, आणि इंग्रजांनी जेम्स किल्ला १६७३ मध्ये. इतक्या थोड्या अंतरात तीन युरोपीय किल्ले आले की गावाची वाटणी किल्ल्यांच्या सावलीतच होते.

असेरे स्वतःला अयावासो या गा राज्याच्या जुन्या राजधानीचे वारस म्हणवतात. ओतुब्लोहुमची मुळे अक्वामूत आहेत. ज्यांनी गा राज्य बुडवले त्यांचेच अधिकारी आणि त्यांची माणसे इथे स्थिरावली आणि त्यांची पेठ झाली. जिंकणारा परका चार पिढ्यांत शेजारी झाला. अलाटाचे नाव अलाडाकडे, म्हणजे आजच्या बेनिन देशातल्या किनारी राज्याकडे बोट दाखवते. इंग्रज कंपनीने किल्ला बांधायला आणि होड्या चालवायला पूर्वेकडून माणसे आणली, त्यांच्याभोवती ही पेठ जमली. वेत्से कोजो हा तिचा संस्थापक मानला जातो. थोडक्यात, पूर्वेकडून आल्याची एक पेठभर कथा अगदी खरी आहे. फक्त ती सतराव्या शतकातली आहे आणि तिचे कारण इंग्रजांचा किल्ला आहे.

पेच इथेच पडला. किल्ल्यावरच्या कामामुळे अलाटाचा प्रमुख इंग्रजांच्या नजरेत संपूर्ण जेम्सटाउनचा प्रमुख झाला. शेजारचे सेंपे म्हणू लागले, किनाऱ्यावर आधीपासून आम्ही, जमीन आमची, आणि हे कालचे लोक आमच्या डोक्यावर कसे? वसाहतीच्या काळात हे हक्कांचे वाद कचेऱ्यांत पोचले. कचेरीत पूर्वजांची कथा सांगायची तर ती नेमकी, एकाच मूळ पुरुषाची आणि शक्य तितकी जुनी सांगावी लागते. कथा कडक होत गेल्या त्या तिथे.

ओतुब्लोहुममध्ये आणखी एक थर आहे. १८३५ साली ब्राझीलच्या बाहिया प्रांतात गुलामांचे बंड झाले. त्यानंतरच्या दडपशाहीत बरेच मुक्त आफ्रिकी लोक आफ्रिकेत परतले. त्यांतले काही १८३६ च्या सुमारास अक्राला उतरले. ओतुब्लोहुमच्या प्रमुखाने त्यांना आसरा आणि जमीन दिली. त्यांना ताबोन म्हणतात. त्यांतले बरेच शिंपी, काही विहिरी खणण्यात वाकबगार. आज त्यांचे वंशज गा बोलतात, होमोवो हा गांचा वार्षिक सण करतात, त्यांचा स्वतःचा मान्त्से म्हणजे प्रमुख आहे आणि तो ओतुब्लोहुमच्या व्यवस्थेत बसतो. आडनावे मात्र पोर्तुगीज राहिली आहेत.

माझ्या दृष्टीने ताबोन हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा आहे, कारण इथे सुरुवात आणि शेवट दोन्ही आपल्याला माहीत आहेत. अटलांटिक ओलांडून आलेले, पोर्तुगीज बोलणारे लोक काही पिढ्यांत गा झाले. गा होणे म्हणजे काय, तर पेठेत जागा मिळणे, सणात क्रम मिळणे, गादीशी नाते जोडले जाणे. रक्ताचा प्रश्न त्यात फार नंतर येतो.

राजा होता की नव्हता

दुसरा मोठा तंटा अभ्यासकांमधला. १९३० च्या दशकात मार्गारेट फील्ड या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी गा गावांत काम केले. त्यांचे मत असे की प्रत्येक गाव स्वतंत्र होते आणि खरी सत्ता वुलोमो म्हणजे देवाच्या पुजाऱ्याकडे होती. मान्त्से हा युद्धकाळापुरता, स्टूलच्या मंत्रशक्तीसाठी लागणारा माणूस. त्याला राजा इंग्रजांनी केले. राइनडॉर्फ यांच्या इतिहासात मात्र अयावासोला ओकाइकोईसारखे बलाढ्य राजे आहेत.

किनाऱ्यापासून काही मैल आत असलेल्या अयावासोबद्दल सतराव्या शतकातले युरोपीय कागद राइनडॉर्फच्या बाजूने साक्ष देतात. त्यांत ‘ग्रेट अक्रा’चा राजा आहे आणि त्याचे व्यापारी धोरणही आहे. उत्तरेकडून सोने घेऊन येणाऱ्या अकान व्यापाऱ्यांना तो थेट समुद्रापर्यंत जाऊ देत नसे. डोंगराच्या पायथ्याशी अबोन्से इथे बाजार भरे. तिथे गा दलाल माल बदलून घेत आणि किनाऱ्यावर युरोपीयांना विकत. दलालीवर उभे राहिलेले हे राज्य १६७७ मध्ये अन्सा सासराकूच्या अक्वामूंनी फोडले. त्यांना समुद्र हवा होता, यात नवल ते काय!

परंपरा याचे कारण वेगळे सांगते. अक्वामूचा एक राजपुत्र गा दरबारात वाढत होता, त्याची गा रीतीप्रमाणे सुंता झाली. अकान रिवाजात सुंता झालेला पुरुष गादीवर बसू शकत नाही. अपमान झाला आणि युद्ध पेटले. कागदातले कारण आणि कथेतले कारण एकमेकांना मारक आहेत असे मला वाटत नाही. कथा सांगते ती गा आणि अकान यांच्यातली रेघ, आणि ती रेघ त्या लोकांच्या डोळ्यांपुढे रोज असे. अबोन्सेच्या बाजारातला दर ऐकणाऱ्याला दोन पिढ्यांनी आठवला नसता.

फील्डबाई मग चुकल्याच का? राजाच्या बाबतीत, होय. त्यांनी पाहिले ते राज्य मोडल्यानंतर अडीचशे वर्षांनी उरलेले अवशेष. पण पुजाऱ्यांच्या बाबतीत त्यांच्या हाताला खरे काही लागले होते. क्पेले या जुन्या उपासनापंथाच्या कित्येक गाण्यांत अवुतूसारख्या ग्वान भाषांचे शब्द आहेत. नुंग्वाचा ग्बोर्बू वुलोमो अनेकांच्या लेखी सर्वांत ज्येष्ठ पुजारी, आणि होमोवोच्या हंगामाचा पहिला मान नुंग्वाकडे जातो. जमिनीची देवकार्ये आधीच्यांकडे आणि तलवार नंतर आलेल्यांकडे, ही वाटणी त्या क्रमात दिसते. गादीची व्यवस्था, लढाऊ पथकांची रचना, त्यांतले कितीतरी हुद्दे अकानांकडून आले. अक्वामूंनी राज्य घेतले आणि जाताना दरबार शिकवून गेले.

त्यानंतरचा शेजाऱ्यांचा इतिहास भराभर सांगता येतो. १६९३ मध्ये असामेनी नावाच्या अक्वामू व्यापाऱ्याने डॅनिशांचा किल्लाच बळकावला. पुढे पैसे घेऊन परत दिला, पण त्याच्या चाव्या अक्वामूंकडेच राहिल्या आणि आजही ते त्या अभिमानाने दाखवतात. १७३० मध्ये अक्येमने गांच्या मदतीने अक्वामूंना व्होल्टापलीकडे हाकलले. १७४२ मध्ये असांतेंनी अक्येमला नमवले. १८२६ मध्ये कटामान्सोच्या लढाईत इंग्रज, गा आणि त्यांच्या मित्रांनी असांतेंना हरवले. दर वेळी किनाऱ्यावर नवी माणसे येत राहिली आणि पेठा फुगत गेल्या.

इस्राएल

आठव्या दिवशी बाळाला बाहेर आणून नाव ठेवणे, मुलांची सुंता, होमोवोपूर्वी ढोल-ताशांवर बंदी. हे सारे जुन्या करारासारखे दिसते, म्हणून गा हे हिब्रू वंशाचे, असा युक्तिवाद आज फार लोकप्रिय आहे. यात एक गोष्ट सोयीने विसरली जाते: गा भाषेतले बायबल १८६६ पासून लोकांच्या हातात आहे. ज्यांनी बायबल वाचून आपल्या चालीरीती पाहिल्या, त्यांना साम्य दिसणारच. राइनडॉर्फ हे धर्मगुरू आणि बायबल तर रोजचे वाचन, तरी त्यांनी नोंदवलेली मूळकथा समुद्राकडे आणि पूर्वेकडच्या नद्यांकडे जाते. सुंता पश्चिम आफ्रिकेत कितीतरी समाजांत आहे. अकानांत ती नव्हती, म्हणूनच ती इथे इतकी ठळक वाटते.

सणातले धान्य पाहा. होमोवोला सगळ्या गावात वाटले जाते ते क्पोक्पोई मक्याचे. मका अमेरिकेतून आला, कोलंबसनंतर. पण पुजारी हंगामाच्या आरंभी विधिपूर्वक पेरतात ते बाजरीसारखे जुने भरड धान्य. एकाच सणात दोन काळ शेजारी बसले आहेत आणि दोन्ही आफ्रिकेच्याच या किनाऱ्यावरचे आहेत. वंशशोधासाठी सिनाईपर्यंत जाण्याची गरज मला तरी दिसत नाही. मात्र ही कथा आज का हवीशी वाटते ते कळते. चारही बाजूंनी अकान भाषा वाढत असताना वेगळेपणाचा इतका प्रतिष्ठित दाखला दुसरा कुठला मिळणार?

१९५७ आणि पुढे

ब्रिटिशांनी १८७७ मध्ये राजधानी केप कोस्टहून अक्राला हलवली आणि गावकऱ्यांची जमीन सरकारी कामाची झाली. घाना ६ मार्च १९५७ ला स्वतंत्र झाला. काही महिन्यांतच अक्रात गा शिफिमो क्पे ही संघटना उभी राहिली. तिची घोषणा होती की गांची जमीन गांचीच. घरांच्या वसाहतींसाठी जमिनी गेल्या, घरे आणि नोकऱ्या बाहेरच्यांना मिळाल्या, हा राग. पंतप्रधान एन्क्रुमा यांच्या सरकारने त्याच वर्षी वांशिक आणि प्रादेशिक पक्षांवर बंदी घालणारा कायदा केला, पुढच्या वर्षी प्रतिबंधक स्थानबद्धतेचा. पकडलेल्यांत या चळवळीचेही लोक होते. बंदरासाठी तेमाचे जुने गाव १९५९ मध्ये उठवून नव्या जागी वसवले गेले. क्पेशींची आठवण सांगणारे गावच विस्थापित व्हावे!

इथे ‘आम्ही गा’ हा शब्द सात पेठांवर आणि सहा गावांवर एकदम पसरतो. सरकारपुढे उभे राहायचे तर सेंपे-अलाटा भांडण घरी ठेवावे लागते आणि एका मूळ पुरुषाची, एका वाटेची कथा लागते. सरकार दूर गेले आणि एखादा तुकडा विकायचा झाला की पुन्हा पेठेची कथा बाहेर येते. गा मान्त्सेच्या गादीवरून २००४ नंतर अनेक दावेदार उभे राहिले तेव्हाही प्रत्येकाची वंशावळ वेगळ्या ठिकाणाहून सुरू होत होती.

माझा निकाल असा: अलाटा आणि ताबोन यांची येण्याची कथा जशीच्या तशी मान्य, ओतुब्लोहुमची मान्य, ओसू, ला यांची पूर्वेकडून, डांग्मे मुलुखातून सरकत आल्याची कथा बहुतांशी पटण्यासारखी, बॉनीपर्यंतचा तिचा शेंडा सोडून, आणि बेनिनहून आलेल्या अख्ख्या समाजाची कथा अमान्य. अयावासो किंवा डांग्मे मुलुखातल्या ‘शाई’ नावाच्या टेकड्यांवरच्या उत्खननात एखाद्या थरापासून पुढे भांड्यांची घडण एकाएकी बदललेली आणि नायजेरियाकडच्या वळणाची निघाली, तर यातले शेवटचे कलम मी परत उघडीन. शाईच्या टेकड्यांवरून लोकांना इंग्रजांनी १८९२ मध्ये खाली उतरवले. तिथली वस्तीस्थाने शहराच्या पोटात अजून गेलेली नाहीत. अयावासोच्या बाजूला मात्र अक्रा झपाट्याने सरकते आहे, तेव्हा कुदळ आधी तिकडे चालावी.